गालात ठेवलेली फोड

मी मिक्सरचे एक जुने भांडे आहे. तीन भावंडांत मधले. थोरल्याचे झाकण हरवले, धाकट्यात फक्त मसाला होतो, म्हणून घरातले बहुतेक काम माझ्या वाट्याला आले. मित्रांनो, माझी कहाणी फार मोठी नाही. ती सांगताना माझे मन भरून वगैरे येत नाही, तेव्हा तुम्हीही शांतपणे ऐका.

कारखान्यात एका पत्र्याला दाबून मला आकार दिला. तळाशी चार पाती बसवली. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्यात पाणी भरले, "गळत नाही" म्हणाली आणि मला खोक्यात घातले. एवढेच माझे बालपण.

ज्या घरी आले तिथे पहिली दोन वर्षे मला तुरळक काम होते. मग ढब्बू जन्मली. ती अगदी काटकुळी, म्हणून बाबांनी गमतीने ठेवलेले हे उलटे लाडाचे नाव. ती दहा महिन्यांची असताना तिच्या घशात सफरचंदाचा तुकडा अडकला. मी ओट्यावरच होते. आईने तिला पालथे धरून पाठीवर थापट्या मारल्या आणि तुकडा निघाला. ढब्बू रडली, मग झोपली. आईने हात धुतले, उरलेले सफरचंद सोलले आणि माझ्यात घातले.

त्या दिवसापासून ढब्बूच्या पोटात गेलेली प्रत्येक गोष्ट आधी माझ्या पात्यांखालून गेली.

केळे, पपई, चिकू, भिजवलेला खजूर, सोललेले बदाम, भाजलेले नाचणीचे पीठ, जवसाची पूड. आई सगळे वाचून, विचारून ठरवायची. फिरवून झाले की गाळायची. गाळणीत काही उरले की पुन्हा माझ्यात. मग थेंबभर बोटांवर घेऊन चोळून बघायची, कुठे कण लागतो का. चौथ्या खेपेला मी तापत असे. जळका वास आला की ती बटण बंद करायची आणि मी निवेपर्यंत माझ्याकडे बघत उभी राहायची. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काहीच नसे.

बाबा पेल्यात डोकावून म्हणायचे, "सिमेंट कालवलंयस का गं? पोरगी भिंतीसारखी उभी राहील हे पिऊन."

"लोह आहे त्यात," आई म्हणायची. हसायची नाही.

शेजारच्या काकू मात्र कौतुक करत. "आमची सून पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला की मोकळी! आणि तू बघ, किती करतेस." त्या प्रमाण लिहून नेत. त्या कौतुकात थोडे माझेही होते. मी ते ऐकून घेतले.

ढब्बू चार वर्षांची झाली आणि डब्याऐवजी बाटली घेऊन बालवाडीत जाऊ लागली. एके दिवशी तिथे सगळ्या मुलांना पेरूची एकेक फोड दिली. ढब्बू घरी आली तेव्हा तिचा एक गाल फुगलेला होता.

"दात दुखतोय का? आ कर बघू."

आत फोड होती. तपकिरी पडलेली, पण अख्खी. सकाळी दहापासून दुपारी दीडपर्यंत तिने ती गालात सांभाळली होती.

"चावली का नाहीस, बाळा?"

ढब्बूने फोड तळहातावर काढली आणि आईपुढे धरली. "याचं तू करून दे ना."

संध्याकाळी डॉक्टरांकडून आल्यावर आई बाबांशी बातमी वाचून दाखवावी तशी बोलली. "दात चांगले आहेत. जबडा चांगला आहे. चावायला शिकलीच नाहीये, म्हणाल्या. मऊ फोडी द्या, समोर बसा. आणखी उशीर केलात तर जड जाईल."

"मग देऊ या की."

"आणि अडकलं तर?"

"मी आहे ना घरात."

"तेव्हा मी एकटीच होते," आई म्हणाली. तीन वर्षांत तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकले.

दुसऱ्या दिवशी आईने पिकलेल्या पपईच्या बारीक फोडी केल्या. मला धुऊन, पुसून शेजारी तयार ठेवले. मग ढब्बूसमोर बसून तिने एक फोड तोंडात टाकली आणि तोंड उघडे ठेवूनच चावून दाखवली.

"शी! आई, तू म्हैस!"

"हो, आणि तू रेडकू. चाव आता."

ढब्बूने चावले. एकदा, दोनदा. मग तिला ठसका लागला आणि डोळ्यांत पाणी आले. बाबा उठले. आईचा हात झटकन माझ्या मुठीवर आला. माझे काम माझ्याकडे परत आले, असे मी धरून चालले. पण हात तिथेच थांबला. मी गार होते, हात माझ्याहून गार होता.

ढब्बू खोकली. तिने पुन्हा चावले, गिळले आणि हनुवटी पुसली. "रेडकाला अजून एक."

आईने माझी मूठ सोडली आणि फोड उचलली.

आता मी वरच्या फळीवर असते. पाहुणे आले की फळांचे पेय करायला मला खाली काढतात आणि सगळ्यांबरोबर ढब्बूही पेलाभर पिते. माझी पाती बोथट झाली आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे भांडे असेल तर ते धुऊन कोरडे ठेवा, त्याला फार तापवू नका. आणि धाकट्या भावंडाला फळ द्यायचे असेल तर मोठ्यांना बोलवा. फोड मऊ असू द्या, लहान असू द्या. ते खात असेल तोवर त्याच्याजवळ बसून राहा, मध्येच उठू नका. जवळ बसण्याचे काम माझ्यावर सोपवू नका. मला ते येत नाही.