केरीसमोरचं पाणी

कप्तानाने विमान परतीला वळवलं तेव्हा गोकुळदासने हेडफोनमधून पुन्हा एकदा विनवलं, की पश्चिमेला आणखी एक पट्टा घेऊ या. कप्तान भला माणूस होता. त्याने इंधनाचा काटा पाहिला, तळावरच्या लोकांशी रेडिओवर बोलला आणि हळू आवाजात सांगितलं, की शोध थांबवायचा हुकूम आला आहे. गोकुळदास 'बरं, सर' म्हणाला. सत्तेपुढे शहाणपण चालत नाही, आणि इंधनापुढे तर सत्ताही चालत नाही.

गस्तीच्या विमानात त्याची जागा पडद्यांसमोर. विमानाच्या पोटाखालचा रडार समुद्र चाळतो, कॅमेरा अंगातली ऊब टिपतो, आणखी एक यंत्र बोटींचे संकेत ऐकतं. एवढं सगळं आहे म्हणजे समुद्र यांच्या तळहातावर असणार, असं लोकांना वाटतं. वाटू दे बापडं. दर्या खवळला की प्रत्येक लाट रडारवर ठिपका होऊन येते, आणि लाटा गाळायला जावं तर त्यांच्याबरोबर लहान होडीही गाळली जाते. फायबरची होडी दिसली तर दिसली. म्हणून तर होडीवर एक पेटी बसवतात, जी 'मी इथे आहे' असं आपणहून सांगत राहते.

कृष्णनाथच्या होडीवर ती पेटी गोकुळदासनेच बसवून दिली होती. कृष्णनाथ म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा, मालतीचा नवरा. मूळचा टिपरवाला, शिरगावच्या खाणीवर ट्रकने माल वाहायचा. खाण बंद पडली, टिपर दारात गंजायला लागला, तेव्हा तो विकून त्याने पेडण्यातल्या केरीला, आपल्या गावातच, होडी घेतली. दर्या तो उशिरा शिकला, पण दर्यावरच्या खोडी लगेच शिकला. मासळीची चांगली जागा सापडली की पेटी बंद करायची, म्हणजे मोबाइलवर माग काढत दुसऱ्या होड्या पाठीला लागत नाहीत. तिथे सगळेच करतात. त्या दिवशी त्यानेही केलं. मग लाटेने होडी उलटली. जोडीदार सागर प्लास्टिकचा डबा कवटाळून कसाबसा किनाऱ्याला लागला आणि कृष्णनाथ लाटेखाली गेलेला दिसला तो शेवटचा, एवढंच सांगू शकला. पेटी चालू असती तर विमान सरळ तिथेच गेलं असतं. या गोष्टीचा गोकुळदासला इतका राग यायचा, की आपण मेलेल्या माणसावर रागावतोय की जिवंत माणसावर, हेही त्याला कळेनासं झालं होतं.

हरवलेला माणूस आपल्या बहिणीचा नवरा आहे, हे त्याने तळावर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याला खाली बसवलं असतं. म्हणून तो रोज वर गेला, रोज पडद्याला डोळे लावून बसला. डोळे इतके शिणले होते, की जेवताना भाताच्या ताटातही ठिपके हलताना दिसायचे.

विमान उतरल्यावर तो घरी गेलाच नाही. स्कूटर काढली आणि थेट केरी गाठली.

सोप्यावर कृष्णनाथचा थोरला भाऊ रघुनाथ त्याचीच वाट बघत बसला होता. रघुनाथ काही दुष्ट नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, की घरात धड सुतक धरता येत नाही, धड सण करता येत नाही, आणि चवथ तोंडावर आलेली. साऱ्या भाऊबंदांचा गणपती याच घरात बसतो. अंग सापडलं नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देता येतो, म्हणजे सुतक चवथीआधी फिटेल, असं भटजींनी सांगितलं होतं. सगळे तयार होते, मालती तेवढी अडून होती. माझा दादा वरून बघतोय, तो सांगेल तेव्हाच काय ते करा, असं तिने दिराला बजावलं होतं.

मालती आतून आली. कपाळावरचं कुंकू तसंच होतं, आणि ते बघून गोकुळदासला तिच्याकडे बघवेना. ती त्याच्यासमोर खालीच बसली.

"दादा, माका खरा सांग. तुमच्या मशीनाक तो दिसाक नाय. म्हणजे तो नाय काय?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत गोकुळदासने 'काही दिसत नाही' असंच कळवलं होतं, 'काही नाही' असं एकदाही कळवलं नव्हतं. त्याच्या कामात तसं म्हणायचंच नसतं. लाटांमधलं माणसाचं डोकं नारळाएवढं, क्षणभर वर येतं आणि जातं. कॅमेरा त्या क्षणी दुसरीकडे असला तर? आणि अंग गार पडलेलं असेल, तर कॅमेऱ्याच्या लेखी माणूस आणि पाणी एकच. हे सगळं खरं होतं. पण हे खरं तिच्या पदरात घातलं तर ती जन्मभर त्या सोप्यावर बसून राहील, हेही तितकंच खरं होतं.

"जितो आसतो तर त्याची ऊब दिसली आसती, मालू," तो म्हणाला. "आमी सगळो दर्या बघितलो. तो नाय."

सगळा दर्या! त्याचे त्यालाच ते शब्द ऐकवेनात.

मालती रडली नाही. तिने त्याच्या लाल डोळ्यांकडे बराच वेळ पाहिलं. मग दिराकडे वळून म्हणाली, "भावजी, भटाक सांगा. पोरांका चवथ मेळूंदे."

रघुनाथ डोळे पुसत उठला आणि भटजींना फोन लावायला अंगणात गेला. तो लांब गेलेला बघून मालती दादाजवळ सरकली आणि अगदी खालच्या आवाजात बोलली.

"त्येंचा त्येंका करूंदे. पण तू वर गेलंस काय खाली बघीत रव. कोणाक सांगू नको."

आपलं खोटं हिने ऐकून घेतलं, चालवून घेतलं, आणि सगळ्यांसाठी ते स्वतःच्या अंगावर घेतलं, हे गोकुळदासला कळलं.

"बघतलंय," तो म्हणाला.

विधीच्या दिवशी त्याला रजा मिळाली असती, पण त्याने मागितली नाही. सकाळची नेहमीची गस्त होती, किनाऱ्याला धरून उत्तरेला. हरमल मागे पडलं तसा त्याने कॅमेरा खाली वळवला. कप्तानाने विचारलं, काही दिसतंय का? गोकुळदास म्हणाला, "काही नाही, सर. कॅमेरा तपासतोय."

केरीची वाळू उजव्या हाताला आली. पळसाच्या पानांना एव्हाना अग्नी दिला असेल. सगळं घर तिथे वाळूवर उभं असेल. गोकुळदासने कॅमेरा त्या बाजूला वळवला नाही. तेरेखोलचा किल्ला मागे पडेपर्यंत तो पाण्यावरच ठेवला.