गाडी थंड असताना

प्रेमानंदनं टेम्पोच्या बॉनेटवर तळहात ठेवला आणि मगच रुपरावांकडे पाहिलं. लोखंड गारठलेलं होतं. रात्रभर गाडीला कोणी हात लावला नव्हता, आणि त्याला हेच हवं होतं.

"झालं पाहून?" रुपराव म्हणाले. "का आता ताप पाहतोस तिचा?"

"थंडच पाह्यची होती जी. तुम्ही दर वेळी गाडी गरम करून आनता. मंग मले काय दिसन?"

"म्हंजे चूक माही?"

डिसेंबरातले सकाळचे सात वाजले होते आणि वाडीतल्या आपल्या गॅरेजचं शटरही न उघडता प्रेमानंद पान्यांची पिशवी घेऊन रुपरावांच्या दारात उभा होता. कशासाठी? तर या म्हाताऱ्याचं तोंड एकदाचं बंद करण्यासाठी. महिन्याभरात त्यानं डिझेलचा फिल्टर बदलला, फीड पंप नवा टाकला, नोझल काढून तपासून आणले. दर वेळी रुपराव दहाच्या सुमाराला गाडी घेऊन येत. गाडी त्याच्यासमोर तासभर शहाण्यासारखी चाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा आचके देऊन बंद पडे. नरखेडच्या बागेत संत्र्यांचा माल उचलायला उशीर झाला की रुपराव चहाच्या टपरीवर बसून चार ड्रायव्हरांत प्रेमानंदचा उद्धार करत. जुने पार्ट पुसून नवे म्हणून लावतो, म्हणत. बावीस वर्षांच्या मिस्त्रीकामात असं कोणी बोललं नव्हतं. गेल्या आठवड्यात दोन गाड्या त्याच्या गॅरेजवरून न थांबता पुढच्या मिस्त्रीकडे गेल्या. आज फॉल्ट सापडला नाही, तर बाकीच्याही जाणार होत्या.

"मारा सेल्फ," तो म्हणाला.

रुपरावांनी वर चढून किल्ली फिरवली आणि इंजिन धडधडत सुरू झालं. पांढरा धूर अंगणभर पसरला. दहा-बारा सेकंद बरे गेले. मग आवाज खाली गेला, एकदम वर आला, पुन्हा खाली गेला, गाडी गदगदा हलली आणि बंद पडली.

"पाह्यलं?" रुपराव खिडकीतून ओरडले. त्यांच्या रागात चक्क आनंद होता. "आता बोल!"

प्रेमानंदनं हातपंप मारला, फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि डिझेलची धार पाहिली. लाइनमध्ये हवा शिरत असती तर बुडबुडे आले असते. एक बुडबुडा नाही. त्यानं टाकीपासून पंपापर्यंत सगळा पाइप बोटांनी चाचपला. कुठं ओल नाही, सगळे नट घट्ट. आपल्याच कामात खोट निघत नाही याचाही त्याला राग यायला लागला.

"दुसरीकडं दाखवाले पाह्यजे होती," वरून चालूच होतं. "मीच येडा."

"उतरा खाली. मी बसतो."

रुपराव पुटपुटत उतरले. प्रेमानंदनं सेल्फ मारला. आवाज खाली जायला लागला की तो अॅक्सिलरेटर थोडा दाबी, वर गेला की थोडा सोडी. थंड जुन्या इंजिनला पहिली दोन-तीन मिनिटं असं सांभाळावंच लागतं, हे कोणत्याही ड्रायव्हरला सांगावं लागत नाही. मिनिट झालं, दीड झालं. गाडी अडखळली नाही. ती गरम होण्याआधीच त्यानं बंद केली.

"आता तुम्ही चालू करा," तो म्हणाला, आणि या खेपेला इंजिनकडे न जाता ड्रायव्हरच्या उघड्या दाराशी उभा राहिला.

रुपराव चप्पल खाली काढूनच गाडीत चढत. लक्ष्मीवर चप्पल घालून कोण चढतं? त्यांचा उजवा अनवाणी पाय पेडलवर पडला, पण अर्धा बाहेरच राहिला. इंजिनचा आवाज खाली गेला. पाय हलला नाही. मग रुपरावांनी खाली वाकून पाहिलं आणि एकदम पेडल तळापर्यंत दाबलं. इंजिन किंचाळलं. त्यांनी पाय पुरता उचलला. गाडी बंद पडली.

"पाहा बाप्पा पाहा!" रुपरावांनी पाय दाराच्या कडेवर टेकवला आणि गल्लीकडे तोंड करून ओरडायला सुरुवात केली. "महिना झाला, हा लेकाचा असाच फिरवून राहिला मले!"

तो पाय प्रेमानंदच्या छातीसमोर होता. टाचेजवळ बाभळीचा काटा आत मोडलेला होता. भोवतीचं रक्त सुकून काळं पडलं होतं, म्हणजे कालपरवाचा. प्रेमानंदनं पिशवीतली बारीक पक्कड घेतली, काट्याचं टोक धरलं आणि ओढलं. बोटाच्या पेराएवढा काटा निघाला. रक्त आलं. रुपराव गल्लीकडे पाहत ओरडतच होते.

प्रेमानंदनं काटा तळहातावर घेतला. काही न कळणारा हाच पाय ब्रेकवरही पडत होता.

"रुपरावजी."

"काय आहे?"

त्यानं तळहात पुढं केला.

"हा कुठचा काटा?"

"तुमच्या पायातला. आत्ता काढला."

रुपरावांनी पाय उचलून पाहिला. अंगठ्यानं रक्त पुसलं, पुन्हा पुसलं, टाच जोरात दाबून पाहिली. बराच वेळ ते दाबतच राहिले.

"शुगर आहे," ते म्हणाले. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज गाडीच्या बाहेर गेला नाही. "पन फॉल्ट गाडीतच आहे गा. गाडीतच आहे म्हन."

प्रेमानंदनं हात आत घालून किल्ली काढून घेतली.

"हे माह्यापाशी राहीन. दुपारी धंतोलीत डॉक्टरकडं जाऊ, पाय दाखवू."

तेवढ्यात गल्लीतला केशव फाटकाशी येऊन उभा राहिला. त्याच्या गाडीच्या गिअरबॉक्सचं मोठं काम निघालं होतं आणि ते प्रेमानंदकडे द्यायचं ठरलं होतं.

"काय मिस्त्री, सापडला का फॉल्ट?"

फॉल्ट रुपरावांच्या पायात आहे, एवढ्या एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य नऊ वाजेपर्यंत टपरीवर पोचलं असतं आणि महिन्याभराची बदनामी धुऊन निघाली असती. रुपराव स्टिअरिंगकडे पाहत बसले होते.

"नाई सापडला," प्रेमानंद म्हणाला. "माह्याच्यानं नाई होत. गाडी उभीच ठेवा म्हनलं."

केशवनं मान हलवली. "मंग माह्या गाडीचं दुसरीकडंच पाहतो बाप्पा," असं म्हणून तो वळला.

एवढा राग प्रेमानंदला महिनाभरात आला नव्हता, आणि तो काढायला कोणी उरलं नव्हतं. तो दाराशी सरकला.

"ओरडा ना आता," तो दबक्या आवाजात म्हणाला. "तो ऐकून राहिला. गप्प बसान तं त्याले डाउट येईन."

रुपरावांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी घसा खाकरला.

"बावीस वर्षं झाले!" ते गल्लीकडे तोंड करून ओरडले. "बावीस वर्षं, आन याले साधी गाडी नाई समजत!"

शेवटचा शब्द चिरकला. केशवनं मागं वळून पाहिलं नाही. प्रेमानंद खाली वाकून पाने एकेक करून पिशवीत भरत राहिला.