सात पेल्यांचे दिवस

आता लेक दूरच्या शहरात नोकरी करते, आणि शिलाईचं दुकानही पूर्वीसारखं चालत नाही. पण संध्याकाळी मशीनवर झाकण घालताना आईला अजून ते आठ आठवडे आठवतात. आजारपणाच्या दिवसांची कुणाला हुरहूर लागते का, असं तिचं तिलाच वाटतं, म्हणून ती कुणापाशी बोलत नाही.

तेव्हा लेक अकरा वर्षांची होती. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. बाबा कापायचे, आई शिवायची, आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, खिडकीपाशी बसून काजं-बटणं करायची. अख्ख्या शाळेचे गणवेश त्या खोलीतून बाहेर पडत. पोर कापायच्या टेबलाखालीच रांगली, तिथेच चिंध्यांच्या ढिगात झोपली. किडकिडीत म्हणून बाबा तिला ‘टाचणी’ म्हणायचे आणि तीही त्या नावाला ओ द्यायची.

गिऱ्हाइकाच्या प्रत्येक पोराचं माप वहीत तारीख घालून लिहिलेलं असे. घरच्या पोरीचं माप मात्र कुणी कधी लिहिलं नाही. तिचा स्कर्ट सैल झाला की आई तिला समोर उभी करायची, कंबर चिमटीत धरायची आणि दोन मिनिटांत टीप मारून द्यायची. त्या वर्षात तिनं असं तीनदा केलं. पोट दुखतं म्हटलं की गरम पाण्याची पिशवी. ताटात अन्न उरलं की आत्या म्हणायची, “वाऱ्यावर जगते बया. नखरे नुसते.” सगळे हसायचे. पोरही हसायची.

मग एके दिवशी ती वर्गात चक्कर येऊन पडली, आणि तपासण्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. शेवटी डॉक्टरबाईंनी समोर बसवून सांगितलं, “हिला क्रोन नावाचा आजार आहे. आतड्यांना आतून सूज येते, जखमा होतात. हा आजार सोबत राहतो, पण आटोक्यात ठेवता येतो. वर्षापूर्वी हिचं वजन किती होतं?”

बाबा आईकडे बघू लागले. शेकडो पोरांची मापं ज्यांच्या वहीत, त्यांना आपल्या पोरीचं सांगता येईना.

“तीन टिपा,” आई हळूच म्हणाली. “तीनदा कंबर आत घेतली मी. दर वेळी बोटभर. आणि एकदाही विचारलं नाही का म्हणून.”

डॉक्टरबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, “आजार तुमच्यामुळे झालेला नाही. ना तुमच्या स्वयंपाकानं, ना दुर्लक्षानं. आता पुढचं ऐका.”

पुढचं असं होतं, की आठ आठवडे अन्न पूर्ण बंद. फक्त पावडर कालवून केलेलं पेय, दिवसाला सात पेले, आणि साधं पाणी. त्यानंच आतड्यांची सूज उतरणार होती. दहा दिवसांनी परत दाखवायचं. तोवर पेले पुरे जात नसले, तर नाकातून नळी घालावी लागणार.

“नळी नको,” परतताना लेक एवढंच बोलली.

आईनं त्याच दिवशी ठरवलं, पोरीच्या समोर कुणी घास घ्यायचा नाही. स्वयंपाक ती सकाळच्या शाळेत गेल्यावर व्हायचा आणि भांडी दुकानात यायची. तिघं जण कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये उभ्यानं जेवायची, मधल्या दाराला कडी लावून. लेक मागच्या खोलीत पेला घेऊन एकटी बसायची. पहिल्या दिवशी सात पेले गेले. मग सहा, मग पाच. सहाव्या दिवशी चार गेले, तेही आईनं हातापाया पडून. देवापुढे दिवा लावताना तिचे ओठ हलायचे, पण मागणं एकच असायचं. नळी नको.

सातव्या दिवशी दुपारी कडी नीट लागली नव्हती. दार उघडून लेक उभी राहिली, हातात भरलेला पेला. आत्यानं थाळी अस्तराच्या कापडाखाली सारली. आई गार इस्त्री घेऊन नुसतीच फिरवू लागली. बाबांनी मात्र अख्खं उकडलेलं अंडं नुकतंच तोंडात कोंबलं होतं.

“बाबा, काय खाताय?”

बाबांनी मान हलवली. काही नाही.

“मग बोला ना.”

बाबांना बोलता येईना. लेक खुदकन हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. “लपून जेवता माझ्यापासून. मी तिकडे भिंतीकडे बघत पिते.”

“अगं, वासानं तुझा जीव तळमळेल म्हणून,” आत्या म्हणाली.

“वास येतोच की, आत्या. माणसंच येत नाहीत.”

आईनं इस्त्री खाली ठेवली. “आम्ही तुझ्यासमोर जेवलो तर सोसेल तुला?”

“माहीत नाही. बघू या.”

त्याच संध्याकाळी कापायचं टेबल रिकामं करून चौघं भोवती बसली. अटी लेकीच्या होत्या. पदार्थ छान झालाय म्हणायचं नाही, पी गं पी गं करायचं नाही, आणि तिचा पेला संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. एरवी पाच मिनिटांत ताट चाटूनपुसून मोकळी होणारी आत्या एकेक शीत चावू लागली.

“वन्सं, दात दुखतायत का?” आईनं विचारलं.

“तू गप जेव, वहिनी. मला वेळ काढायचाय.”

बाबा आपल्या उमेदवारीच्या गोष्टी काढायचे. उस्तादाच्या हाताखाली त्यांनी एका बड्या गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या होत्या. ती गोष्ट रोज थोडी वाढायची. पेला संपायला पाऊण तास लागायचा, पण संपायचा. आठव्या दिवशी सहा गेले, नवव्या दिवशी सात. दहाव्या दिवशी काट्यावर जेमतेम शंभर ग्रॅम वाढले होते. “नळी राहू दे,” डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि आई खुर्चीत बसली ती बराच वेळ उठलीच नाही.

पुढे औषधं आली, इंजेक्शनं आली, मधली दोन वर्षं फार वाईट गेली. पण टेबलाभोवतीचा तो पाऊण तास, लांबत जाणारी गोष्ट, आत्याचं ते संथ चावणं, असं निवांत बसणं त्या घरात ना आधी कधी झालं, ना नंतर.

आठ आठवडे संपले त्या संध्याकाळी लेकीसमोर मऊ भाताचा एक चमचा ठेवला. तिनं तो उचलला. बाबांची गोष्ट अर्ध्यात थांबली, आत्याचा हात ताटातच राहिला, आई तर जेवायचंच विसरली.

लेकीनं घास गिळला, तिघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाली, “असं बघत नका बसू. जेवा.”