सतरा सेकंद

रोज सकाळी साडेनऊला माझा भाऊ दुकानातला लॅपटॉप उघडतो, सर्चमध्ये ‘व्हीलचेअर दुरुस्ती’ असं टाकतो, आमच्या दुकानाचं नाव सगळ्यात वर आलेलं बघतो आणि स्वतःलाच सलाम ठोकतो. “पहिला नंबर!” मग चहा. आठ महिने हे चाललं होतं. आठ महिने मी मागे माझ्या टेबलाशी हातात पाना घेऊन ते बघत होते आणि तो पाना एकदाही फेकून मारला नाही. माझं खरं तर कौतुक व्हायला हवं.

कारण पहिला नंबर होता, तर फोन का वाजत नव्हता?

हे दुकान वडिलांनी काढलं ते आईसाठी. आईचे पाय तिच्या तिशीतच गेले. तिची खुर्ची बिघडली की कुठेतरी लांब नेऊन टाकायची आणि तीन-तीन आठवडे वाट बघायची. तोवर आई पलंगावर. वडील एकदा असे वैतागले की खुर्ची घेऊन अंगणात बसले आणि सगळी खोलली. जोडायला चार दिवस लागले, पण जोडली. पुढे आजूबाजूचे लोक आपापल्या खुर्च्या आणायला लागले आणि त्यातून दुकान झालं. मी त्यांच्या हाताखाली शिकले. दादा शिकला नाही, त्याला हाताला ग्रीस लागलेलं चालत नाही. वडील गेल्यावर आम्ही कामं वाटून घेतली. आतलं सगळं माझं, बाहेरचं सगळं दादाचं. बाहेरचं म्हणजे गिऱ्हाईक, फोन, आणि ती मेली वेबसाइट.

आधीची वेबसाइट एका पानाची होती. नाव, नंबर, पत्ता, वेळ, खल्लास. दिसायला अगदी रुक्ष, पण उघडायची फटकन. दादाला तिची लाज वाटायची. मग त्याचा एक मित्र उगवला. मी त्याला कलाकार म्हणते. या कलाकाराने दादाचा एक मिनिट चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला. दादा कोट घालून सावकाश चालत येतोय, केस उडतायत, हातात पाना. पाना उलटा धरलाय, ते सोडा. सोळा वर्षं त्या दुकानात चाकं बसवणारी मी, माझं त्यात फक्त एक कोपर दिसतं, तेही दोन सेकंद. व्हिडिओच्या वर दादाचा एक भलामोठा फोटो आणि खाली आणखी सव्वीस फोटो, सगळे कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढवलेले, भिंत झाकेल एवढे. आणि दुकानाचा नंबर? तो त्या पहिल्या फोटोतच, खालच्या कडेला, सोनेरी अक्षरांत. “छान दिसतं,” म्हणे. नंबरही नवीन घेतला, सगळे सात असलेला. जुना बंद करून टाकला.

आता मला सांगा, व्हीलचेअर कुठे मोडते? घरात, गादीवर बसल्या बसल्या मोडते का? रस्त्यात मोडते. चढावर, खड्ड्यात, दुकानाच्या पायरीशी. माणूस अडकतो, खिशातला फोन काढतो, जी काय रेंज असेल तिच्यावर शोधतो. त्याला दादाचे उडणारे केस बघायचे नसतात. त्याला नंबर हवा असतो.

फोन येईनासे झाले तेव्हा मी एकदा रस्त्यावर जाऊन बघितलं. दुकानाचं वायफाय बंद केलं, शेजारच्या चष्मेवालीचा फोन मागून घेतला, कारण तिने आमचं पान जन्मात उघडलं नव्हतं, आणि तोंडाने मोजलं. सतरा सेकंद. सतरा सेकंद पांढरं पान आणि गरगर फिरणारं चक्र! मग सर्च करून बघितलं. पहिला नंबर राहिला बाजूला, आम्ही तिसऱ्या पानावर होतो, एका बंद पडलेल्या सायकलच्या दुकानाच्या खाली.

आत येऊन मी दादाला सांगितलं.

“तिचा फोन खटारा आहे,” तो म्हणाला. लॅपटॉप माझ्याकडे फिरवला, बटण दाबलं. पान क्षणात उघडलं. “बघ. कुठे आहेत तुझे सतरा सेकंद?”

“अरे, तुझ्या लॅपटॉपने ते सगळं आधीच गिळून ठेवलंय! तो दर वेळी नव्याने आणत नाही. आणि तू रोज आपल्यालाच शोधतोस, रोज आपल्यावरच बोट दाबतोस, म्हणून तो तुला आपल्यालाच वर दाखवतो. तुझी हौस भागवतोय तो. बाहेरच्या माणसाला पान उघडायला वेळ लागला की तो कंटाळून मागे जातो. आणि ज्या पानाला असा वेळ लागतो, त्याला सर्चवाले खाली ढकलतात.”

“तू नट आवळ,” दादा म्हणाला.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण खरा घाव पुढे होता. “हे बघ,” तो म्हणाला, एकदम शहाण्यासारखा आवाज काढून, “आपण पहिल्या नंबरावर आहोत आणि तरी काम नाही. म्हणजे काम राहिलंच नाही. लोक आता दुरुस्त करत नाहीत, नवीन घेतात. महिनाअखेर दुरुस्ती बंद करू. तुझं टेबल काढलं की तिथे नवीन खुर्च्या मांडता येतील. तू काउंटरला बस.”

म्हणजे चूक याची, आणि टेबल माझं जाणार! ज्या टेबलावर वडिलांनी मला चाकाची तार कशी ताणायची ते शिकवलं, ते उचलून बाहेर, आणि मी कोट घालून काउंटरला. मी त्या दिवशी जेवले नाही. दादा जेवला, दोनदा वाढून घेतलं.

हे सोमवारचं. गुरुवारी आई वाचनालयात गेली.

ती दर गुरुवारी जाते, एकटी, स्वतःच्या हातांनी चाकं ढकलत. कोणी मागून हात लावलेला तिला खपत नाही. साडेबाराला परत येते. त्या दिवशी दीड वाजला, दोन वाजले. मी म्हटलं, बसली असेल गप्पा मारत. दादा म्हणाला, बसली असेल गप्पा मारत. फोन करायला गेले तर तिचा फोन कपाटावर चार्जिंगला लागलेला वाजला.

पावणेतीनला मी चपला घालत होते तेव्हा ती दारात आली. चेहरा उन्हाने लाल, ओठ सुकलेले. मी धावले. पाणी देता देता माझी नजर खाली गेली. उजवीकडचं पुढचं लहान चाक नवीन होतं. आणि पायाच्या पट्टीवर एक चकचकीत स्टिकर. त्यावर एक नाव आणि मोठ्या अक्षरांत फोन नंबर. पुलापलीकडच्या दुरुस्तीवाल्याचा!

माझ्या आईच्या खुर्चीवर. जिच्या खुर्चीपायी हे दुकान उभं राहिलं, तिच्या खुर्चीवर.

“हे काय?” मी ओरडले. ओरडायचं नव्हतं, पण ओरडले.

“चाक निखळलं,” आई म्हणाली. “वाचनालयाच्या उतारावर. बरी वाचले, तोंडावर पडले असते. एक नर्सबाई ड्यूटीवरून येत होती, तिने धरलं.”

“मग आम्हाला का नाही बोलावलंस?”

“बोलावलं की. दुकानाचा नंबर सांगितला तिला, पाठ आहे मला. तो बंद लागला.”

जुना नंबर. वीस वर्षं पाठ असलेला. मी दादाकडे बघितलं. तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

“तुमचे मोबाईलचे नंबर काही मला पाठ नाहीत. मग तिने दुकानाचं नाव फोनमध्ये टाकलं. बराच वेळ खटपट केली बिचारीने. म्हणाली, आजी, काही उघडत नाही, दुकान बंद झालेलं दिसतंय. मी म्हटलं, बंद कसं होईल, माझीच पोरं चालवतात. ती म्हणाली मी चालत जाऊन बोलावून आणते, पण मला तिथे उतारावर सोडून जायला तिचा जीव होईना. शेवटी तिने दुसऱ्याला फोन लावला. तो दहा मिनिटांत आला.”

मी खाली बसले आणि ते चाक तपासलं. खोट काढायची होती मला. बोल्ट आवळून बघितला, बेअरिंग फिरवून बघितलं, उंची मोजली. काही सापडलं नाही. चांगलं काम केलं होतं मेल्याने. आणि त्यातच मला आठवलं, सोमवारी सकाळीच आई म्हणाली होती, पुढचं चाक कुरकुरतंय गं, बघतेस का जरा. मी म्हटलं होतं, उद्या बघते. दादाशी भांडण्यात तो उद्या उजाडलाच नाही. तेव्हा दादावर जेवढी चिडले होते तेवढीच स्वतःवर चिडले, पण दादाला ते कळू दिलं नाही.

“चल,” मी त्याला म्हटलं. “आत्ताच्या आत्ता चल.”

“कुठे?”

“जिथे आई दोन तास उन्हात बसली तिथे. आणि तुझा फोन इथे ठेव. तोही तुझ्यासारखाच तुझ्या प्रेमात आहे.”

आईचा फोन घेतला. आईने दुकानाची वेबसाइट कधीच उघडली नव्हती, कशाला उघडेल? दादाची बाही धरून मी त्याला वाचनालयाच्या उतारापर्यंत नेलं. लोक बघत होते, बघेनात का. दोन्ही बाजूंना उंच भिंती, रेंजची एकच काडी. मी फोन त्याच्या हातात दिला. “टाक नाव. आणि मोज. मोठ्याने.”

त्याने नाव टाकलं. “एक,” तो म्हणाला. “दोन. तीन.” दहाला तो हसला, थोडंसं. वीसला हसू गेलं. पंचविसाला पानाच्या वरच्या कडेला एक काळा पट्टा आला. ते त्याचे केस होते. तीस. पस्तीस. केसांखाली आणखी दोन बोटं काहीतरी आलं आणि थांबलं.

“येतंय ना,” दादा म्हणाला. “थांब जरा.”

“मी थांबते. माझी खुर्ची मोडलेली नाही.”

पन्नासला त्याने मोजणं सोडलं. दुकानात शिरल्यावर मात्र त्याची जीभ सुटली. तिथे रेंजच नाही, त्याला मी काय करू, त्या भिंतींनी कोणाचंही पान अडकेल, नर्सबाईने घाई केली, थोडं थांबली असती तर नंबर आला असता.

“मग पुलापलीकडच्याचं कसं उघडलं रे?” मी म्हटलं. “तीच भिंत, तीच काडी! त्याचा कोट नव्हता ना मध्ये, म्हणून उघडलं.”

“तू ना, कायम—”

“थांबा दोघंही,” आई म्हणाली. ती कपात बिस्किट बुडवत होती आणि वर बघत नव्हती. “नर्सबाईने काही घाई केली नाही. चांगली तासभर माझ्या शेजारी उभी राहिली. कारण मीच तिला थांबवलं. मध्येच एकदा फोनवर चित्र यायला लागलं होतं. केस आले, मग कपाळ आलं. कपाळावर ती खूण आहे ना तुझ्या, लहानपणी खाटेवरून पडला होतास त्याची, ती दिसली मला. मी तिला म्हटलं, थांब, हा माझाच मुलगा आहे. आता येईल बघ.”

दादाचा हात कपाळाकडे गेला.

“ती म्हणाली, आजी, नक्की? मी म्हटलं, अगं, त्याचं कपाळ मी ओळखणार नाही का? मग आम्ही दोघी बघत बसलो. कपाळाच्या खाली काही आलंच नाही.”

तिने बिस्किट खाल्लं. मला वाटलं होतं, दादाची मान खाली गेलेली बघून माझ्या जिवाला थंडावा मिळेल. नाही मिळाला.

दादा उठला, लॅपटॉपसमोर बसला आणि म्हणाला, “काय काय काढायचं?”

“सगळं.”

व्हिडिओ त्याने स्वतः काढला. मी हात लावला नाही. पंचवीस फोटो उडवले, एक ठेवला, नुसत्या चाकाचा, तोही बारीक करून. त्याचा स्वतःचा मोठा फोटो काढताना ‘खरंच काढायचा का?’ असं पडद्यावर आलं, तिथे तो क्षणभर थांबला. मग ‘हो’ दाबलं. सगळ्यात वर नंबर घातला, साध्या काळ्या अक्षरांत, बोट ठेवलं की फोन लागेल असा. जुना नंबर परत मिळतो का, तेही फोन कंपनीला विचारलं त्याने. त्यांनी सांगितलं, बघतो. मी परत चष्मेवालीचा फोन मागून आणला. ‘एक’ म्हणायच्या आत पान उघडलं.

सर्चमध्ये आम्ही होतो तिथेच होतो, तिसऱ्या पानावर. आठ महिने ज्याने लोकांना ताटकळत ठेवलं, त्याला एका दुपारीत कोण पुढे घेईल? महिने लागतील.

“टेबल?” मी विचारलं.

“राहू दे ते,” दादा लॅपटॉपकडे बघतच म्हणाला. “हलवायचं नाही.”

हे ऐकायला मी सोमवारपासून भांडत होते. पण आनंद करायला सवड नव्हती, कारण मला अजून एक काम उरकायचं होतं. मी पातं घेतलं, फडकं ओलं केलं, आईच्या पायाशी बसले आणि त्या स्टिकरचा कोपरा नखाने उचलला. आमच्या दुकानात, आमच्या आईच्या खुर्चीवर दुसऱ्याचा नंबर मी एक रात्रही राहू देणार नव्हते.

आईने माझा हात धरला. तिचे हात चाकं ढकलून ढकलून कडक झालेत, धरलं की हलता येत नाही.

“राहू दे,” ती म्हणाली. “तो आला होता.”