छाट आधी

आमच्या गावात विडी बांधणाऱ्या बायांचे दोन प्रकार होते. एक, ज्या बिघडलेल्या विड्या कट्ट्याच्या पोटात लपवत. दुसरी माझी आई.

लाखनीपासून आत, धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव. धान घरात आलं की शेतात काम उरत नसे. मग घरोघरी बायांच्या मांडीवर सूप, आणि सुपात तेंदूची पानं, तमाखू, कैची, दोरा. बांधलेल्या विड्यांचे कट्टे, म्हणजे जुड्या, करून सकाळी कारखान्यात न्यायचे. कारखाना म्हणायचा एवढंच, ती सट्टेदाराच्या घराची पडवी होती. कंपनीकडून पान-तमाखू आणून आमच्याकडून विड्या बांधून घेणारा तो सट्टेदार. पडवीत त्याचा चेकर सेवकराम बसे. तो कट्ट्यात मधूनच दोन बोटं खुपसून एखादी विडी ओढी, आणि ती सैल निघाली की अख्खा कट्टा सोडून बसे. नापास विड्यांना छाट म्हणत. छाटीला मजुरी नाही, आणि छाट परतही मिळत नसे. ती सट्टेदाराच्या टोपलीत जाई. पुढे तिचं काय होतं हे विचारायची गरज नव्हती, त्याचे गडी दुपारी तीच ओढत बसलेले दिसत.

शेजारची बायाबाई छाट लपवण्यात वस्ताद होती. माझी आई, सखाबाई, उलट करी. ती स्वतःची छाट घरीच वेगळी काढी, एका पानात गुंडाळी आणि कट्टे ठेवण्याआधी ती सेवकरामपुढे ठेवी.

"हे माही छाट. आता बाकीचं पाहून घे."

मग सेवकराम तिच्या कट्ट्यांना नुसता हात लावी. तरी मला तिचा राग येई. आपणच आपली लाज चारचौघांत मांडायची, हे कुठलं शहाणपण? मी तसं म्हटलंही होतं.

"तो काढीन त हासीन," आई म्हणाली. "मीच काढली त कायले हासीन?"

घरात आम्ही दोघीच. मी, चंद्रकांता, दहावी झालेली, आणि दहावीनंतर सूप मांडीवर घेतलेली. दहावीत इंग्रजीत मी जेमतेम काठावर सुटले होते. मराठीत माझं तोंड असं, की सेवकरामसुद्धा माझ्याशी जपून बोले. इंग्रजीत मी मुकी.

आईच्या खोकल्याचं औषध आणायला मी लाखनीच्या दवाखान्यात जाई. तिथल्या ललिताबाई सिस्टर नागपूरच्या. त्यांच्या पांढऱ्या साडीपेक्षा मला त्यांचा धीटपणा आवडे. ट्रकमधून पडलेला क्लीनर आणला काय, अडलेली बाई आणली काय, त्यांचा आवाज एकाच पट्टीत राही. एकदा मी न राहवून विचारलं, की मला नर्स होता येईल का.

"होता येईल. भंडाऱ्याला मुलाखत असते, दिवाळीनंतर. प्रश्न इंग्रजीत विचारतात, कारण पुढचं सगळं शिक्षण इंग्रजीत." त्यांनी माझं वय विचारलं. "यंदाच जमव. पुढच्या वर्षी तुझं वय निघून जाईल."

म्हणजे एकच संधी. नाहीतर जन्मभर सूप, आणि आईसारखा खोकला. त्या परतीच्या वाटेवर मला इंग्रजीची जितकी भीती वाटली, तितकी पुढे कधी मुडद्याचीही वाटली नाही.

तुमसरला मावशीकडे गेले तेव्हा बाजारातून एक गाईड आणलं. घरबसल्या इंग्रजी शिकवणारं. पहिल्याच धड्यात एक माणूस लंडनच्या हॉटेलात वेटरकडे खोलीची किल्ली मागत होता. दुसऱ्यात तोच माणूस विल्यम नावाच्या मित्राला पत्र लिहून हवामान विचारत होता. मी महिनाभर विल्यमचं हवामान घोकलं. मग तावातावाने ते पत्र उतरवून ललिताबाईंपुढे ठेवलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं.

"हा विल्यम लाखनीच्या दवाखान्यात कधी यायचा?"

मला हसूही आलं आणि रडूही.

"गाईडवाल्यानं त्याच्या मनाचा अभ्यास ठरवला," त्या म्हणाल्या. "तुझा तू ठरव. तुला इंग्रजीत काय करायचंय ते लिही. काय येतं आणि काय नाही, तेही लिही. जे करशील ते टाकून देऊ नको, एकत्र ठेव. तिथं प्रत्येक पोरगी म्हणते, मी खूप मेहनत घेतली. तू दाखव."

असा अभ्यास कुणी स्वतः ठरवतो हे मला नवीनच होतं. आजवर तो मास्तरांनी ठरवला होता, आणि आम्ही तो निमूट गिळला होता. मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून भिंतीला लावलं. नर्सला इंग्रजी कशाला लागतं? डॉक्टर सांगतील ते कळायला. बाटलीवरचं वाचायला. पेशंटचं दुखणं ऐकून कागदावर लिहायला. यातलं बाटलीवरचं मला थोडं जमत होतं, बाकी सगळा अंधार. आता वेळ कुठला? दिवसभर हात विडीत अडकलेले, पण कान आणि तोंड मोकळे. म्हणून बोलायचं ते विडी बांधताना आणि लिहायचं ते कट्टे झाल्यावर, असं ठरवलं. एका कट्ट्याला एक वाक्य, कट्टा बांधून होईपर्यंत तेच म्हणत राहायचं. पेशंट म्हणून आई होतीच.

आई म्हणे, "माह्या पोटात कळ येऊन राहिली," आणि मी ते इंग्रजीत म्हणे. आई म्हणे, "पायाले मुंग्या आल्या," आणि मी अडकून पडे, मग ते वाक्य ललिताबाईंसाठी राखून ठेवी. आठवडाभर तिनं निमूटपणे नाना रोग सोसले. मग एक दिवस सूप बाजूला सारलं.

"आज मी बिमार नाई पडत. काल ताप, परवा हगवन. दुसरा पेशंट पाय."

दर बाजाराच्या दिवशी मी लिहिलेले कागद घेऊन लाखनीला जाई. ललिताबाई लाल शाईनं ते रंगवून देत. चांगले कागद मी जपून ठेवी. पहिला वाईट कागद आला तेव्हा मी तो बोळा करून चुलीकडे निघाले. आईनं माझा हात धरला.

"चुलीत कायले टाकून राहिली? छाट हाये ना ते? आधी कायची बिघडली ते पाय."

तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण बिघडलेल्या वस्तूकडे कसं पाहायचं हे ती जन्मभर करत आली होती. पान वाळलेलं होतं, की तमाखू जास्त झाली, की दोरा ढिला पडला, हे छाट हातात घेतल्यावरच कळतं. मी बोळा उलगडला. त्यावर मी ताप उतरवायची गोळी रिकाम्या पोटी घ्यायला सांगितली होती, आणि ललिताबाईंनी समासात लिहिलं होतं, हा पेशंट तुझ्यामुळे ओकेल. मी त्याच्या खाली काय चुकलं ते लिहिलं. तेव्हापासून दोन पुडकी झाली. जाड पुडकं चांगल्या कागदांचं, बारीक पुडकं छाटीचं. दोन्ही विडीच्या दोऱ्यानं बांधलेली, आणि वर आईनं जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी.

मुलाखतीच्या दिवशी बस वैनगंगेच्या पुलावरून भंडाऱ्यात शिरली तेव्हा मी मनात एकच परिच्छेद घोकत होते. माझं नाव, माझं गाव, मला सेवा का करायची आहे. ललिताबाईंनी तो तीनदा घासून दिला होता.

खोलीत टेबलामागे तिघं होते. एक वयस्कर डॉक्टरबाई, एक मेट्रन आणि एक चष्मेवाले अधिकारी. डॉक्टरबाईंनी इंग्रजीत विचारलं, की पिशवीत काय आणलंय. माझा अभ्यास आहे, असं म्हणत मी पिशवी उघडली आणि एक पुडकं टेबलावर ठेवलं.

बारीक पुडकं.

कुणी तपासायला समोर बसलं की आधी काय ठेवायचं, हे माझ्या हातांना विचारावं लागत नव्हतं. आईच्या मागे उभी राहून मी वर्षानुवर्षं तेच पाहिलं होतं. चूक माझ्या ध्यानात आली तोवर अधिकाऱ्यांनी दोरा सोडला होता. सगळ्यात वर विल्यमचं पत्र.

"पाहा मॅडम," ते मराठीत म्हणाले, "बाई लंडनचं हवामान विचारताहेत." मग त्यांनी पुढचे कागद चाळले. लालच लाल. "हे दाखवायला आणलंत?"

मेट्रन हसू दाबत होत्या. जाड पुडकं माझ्या मांडीवर होतं. चुकलं म्हणून माफी मागायची, पहिलं ओढून घ्यायचं आणि दुसरं पुढे करायचं, इतकंच करायला हवं होतं. पण माझ्या कानशिलांत आग उसळली. ही छाट मी काढली होती, त्यांनी नव्हे. मीच काढली तर कशाला हसतात? रागात माझी जीभ सुटते हे गावाला ठाऊक होतं. ती इंग्रजीतही सुटते हे मला त्या दिवशी कळलं.

मी म्हणाले, हे माझे बिघडलेले कागद आहेत. ते मीच वेगळे काढलेत. प्रत्येक का बिघडला ते मला माहीत आहे.

घोकलेल्या परिच्छेदातलं यात काहीच नव्हतं. डॉक्टरबाई पुढे झुकल्या. त्यांनी पत्राकडे बोट केलं. हे का बिघडलं?

हे माझं नाही म्हणून, मी म्हणाले. हे पुस्तकाचं आहे. मी या माणसाला ओळखत नाही.

आणि हा?

ह्यात मी गोळी रिकाम्या पोटी दिली. पेशंटला त्रास झाला असता. आता मी आधी विचारते, काही खाल्लं का.

त्यांनी आणखी एक उचलला. त्यावर एकच ओळ होती, म्हातारी बाई, खोकला. बाकी सगळी ललिताबाईंची लाल प्रश्नचिन्हं. ही माझी आई आहे, मी म्हणाले. ती विड्या बांधते. मी रोज तिचा खोकला ऐकते, म्हणून मी काहीच विचारलं नाही. कधीपासून, कफ कसा, रात्री किती. आता विचारलंय. ते दुसऱ्या कागदावर आहे.

वाक्यं लंगडत होती, पण चालत होती. मेट्रननी कफाबद्दल काही विचारलं, मी सांगितलं. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून ठेवला आणि आता ते हसत नव्हते. शेवटी डॉक्टरबाईंनी जाड पुडकं मागितलं, मधूनच दोन कागद ओढून पाहिले आणि बाकीच्यांना नुसता हात लावून परत दिलं.

मी जाड पुडकं पिशवीत टाकून उठले. दारापर्यंत पोहोचले तेव्हा डॉक्टरबाईंनी मराठीत हाक मारली.

"तुमचे कागद राहिले की."

"ती छाट आहे," मी म्हणाले.

"मग? तुमचीच ना?" त्यांनी ते कागद जुळवले, दोरा गुंडाळला आणि पुढे केले. "घेऊन जा. पुढे लागतील."

खोलीत मला रडू आलं नाही. ते परतताना बस पुलावर आली तेव्हा आलं, आणि शेजारच्या बाईनं मी नापास झाले असं समजून मला अर्धा पेरू दिला.

आई दारातच बसली होती. मी सगळं सांगितलं. नंबर लागेल का हे तिनं विचारलं नाही.

"अन् छाट वापस देली?"

"दिली."

"सगळी?"

मी बारीक पुडकं तिच्या हातात ठेवलं. तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं, दोरा ओढून गाठ पक्की आहे का तेही पाहिलं. मग बराच वेळ ते तिच्या मांडीवर होतं, सुपाच्या जागी.

संक्रांतीच्या आधी पत्र आलं. माझी निवड झाली होती. ललिताबाईंनी ते वाचून मला जवळ घेतलं, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा पट्टी सोडून गेला.

भंडाऱ्याला राहायला निघायच्या आदल्या सकाळी मी आईबरोबर शेवटची कारखान्यात गेले. नेहमीसारखी तिनं आधी छाट ठेवली, मग कट्टे. सेवकरामनं कट्ट्यांना हात लावला, छाट टोपलीत उपडी केली आणि पुढच्या बाईकडे पाहिलं. आई हलली नाही.

"ते दे इकडे."

"काय?"

"माही छाट."

सेवकराम गोंधळला. "छाटीचं काय करतं तू, सखाबाई?"

"पाहीन कायची बिघडली."

"तसं नाई जमत. छाट सट्टेदाराची रायते."

"बांधली कोनं?"

पडवीतल्या बायांचे हात थांबले. सेवकरामनं माझ्याकडे पाहिलं. हे मीच शिकवलं असणार अशी त्याची खात्री होती. मी तर तोंड उघडलं नव्हतं, मराठीतही नाही आणि इंग्रजीतही नाही. त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं. सट्टेदार आंघोळीला गेला होता. मग त्यानं टोपलीत हात घालून आईच्या विड्या वेचल्या आणि पानावर परत ठेवल्या. आईनं त्या पदरात बांधल्या आणि बाजूला झाली.

मागे बायाबाई होती, कट्टे छातीशी धरून. ती क्षणभर उभी राहिली. मग खाली बसली, आपला पहिला कट्टा आपणच सोडला, पोटातल्या विड्या निवडून काढल्या आणि सेवकरामपुढे ठेवल्या.

"हे माही," ती म्हणाली. "पाहून झालं का वापस दे."