एक ते दोन: वाहन

दुपारी एक वाजून बारा मिनिटांनी ज्वालामुखीचा डोंगर पहिल्यांदा हादरला. वेधशाळेतल्या यंत्राने धक्का टिपला, तपासला आणि पडद्यावर शब्द उमटवला: 'वाहन'.

पुढच्या दहा मिनिटांत आणखी चोवीस धक्के आले. चोवीसही वाहनं.

धक्क्यांच्या रेघा वाचणारा आलेखवाचक पडद्याकडे झुकला. आत खडक फुटतोय, लाव्हा वर सरकतोय, हे त्या रेघांवरून त्याने झोपेतही ओळखलं असतं. आणि यंत्राची चूक कुठली, हेही त्या इमारतीत फक्त त्यालाच ठाऊक होतं. यंत्राला धक्के ओळखायला शिकवलं होतं ते त्याच्याच अकरा वर्षांच्या नोंदींवरून. यंत्र येण्याआधी रोज एक ते दोन तो घरी जेवायला जायचा. परत आला की त्या तासातल्या सगळ्या रेघांपुढे एका दमात लिहून टाकायचा: वाहन. खाणीचे ट्रक त्याच सुमारास जायचे, त्यामुळे बहुतेकदा ते खरंही निघायचं. यंत्राने गुरूचं सगळं उचललं, जेवणाच्या सुट्टीसकट.

"साहेब, भोंगा वाजवा."

"भोंगा यंत्र वाजवतं," साहेब म्हणाले. "मागच्या खेपेला तुम्ही वाजवलात आणि अख्खं गाव दोन दिवस शाळेच्या फरशीवर झोपलं. तेव्हापासून माणसाचा हात काढून टाकलाय."

"पण ही वाहनं नाहीत हो!"

"बघून घेऊ की."

फाटकावरचा पहारेकरी रस्त्यावर गेला. एक अडतीसला त्याचा फोन आला: एक सायकल गेली, तीही पंक्चर, हातात धरून.

"म्हणजे पडद्यावरची एकेचाळीस वाहनं बेपत्ता," साहेबांनी लिहून घेतलं. "वाहतूक शाखेला कळवायला हवं."

"दोन वाजले की यंत्र ताळ्यावर येईल. घड्याळ पुढे करू का?"

"वेळ उपग्रहावरून येते. तिथे आहे का कोणी ओळखीचं?"

वाचकाने बहिणीला फोन लावला. डोंगराच्या पायथ्याशी तिचं शिवणकामाचं दुकान, वरच्या मजल्यावर घर, घरात अंथरुणाला खिळलेला नवरा.

"ताई, भावोजींना गाडीत घाल आणि नीघ."

"भोंगा कुठे वाजलाय?"

"मी सांगतोय ना!"

"यंत्र बसलं तेव्हा चौकात उभा राहून तूच सांगून गेलास, कोणी काही म्हणो, अगदी मी म्हटलं तरी ऐकू नका, फक्त भोंगा ऐका. टाळ्या वाजवल्या आम्ही."

"विसर ते."

"बरं, यंत्र काय म्हणतंय?"

"वाहन," त्याच्या तोंडून निसटलं.

"मग झालं तर. जेवलास का?"

"ताई, ते यंत्र नाही गं, मीच आहे. अकरा वर्षं या वेळच्या रेघा मी न बघता लिहिल्यात."

साहेबांनी मान वर केली. पलीकडे शिवणयंत्राची घरघर थांबली.

"गाढवा," ताई म्हणाली. "थांब, ह्यांना विचारते." फोन बंद झाला.

एक त्रेपन्नला त्याने पुन्हा फोन लावला. बेल पूर्ण वाजली, कोणी उचलला नाही. पडद्यावर त्रेसष्टावं वाहन उमटलं. हे तरी ताईची गाडी असू दे, असं त्याने मनात म्हटलं.