भरलेली टाकी

मित्रांनो, मी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतली एक जुनी पिकअप गाडी आहे, आणि माझ्या अंगाला कायम भाजलेल्या भाकरीचा वास येतो. माझ्या वयाच्या गाड्यांना डिझेलचा नाहीतर ग्रीसचा वास येतो. मला भाकरीचा येतो, याचा मला थोडा अभिमानच आहे. गेल्या वर्षी माझ्यावर बरंच काही बसवलं गेलं. तेव्हापासून लोक मला वळून वळून पाहतात आणि फोटो काढतात. पण त्यातलं सगळ्यांत मोलाचं जे आहे, त्याचा फोटो कुणीच काढत नाही. तेच सांगायला मी आज बसले आहे. म्हणजे उभीच आहे, मला बसता कुठे येतं?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. पुढेमागे माझ्यासारख्याच गाड्यांची रांग होती आणि प्रत्येकीला वाटत होतं, आपण काहीतरी वेगळ्या आहोत. मला माणसं बसायला पुढे आणि मागे अशा दोन सीट आहेत, आणि त्यामागे माल ठेवायचा हौदा. राजशेखर मला घरी घेऊन आला तेव्हा चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मग त्याची आई निंगव्वा पुढे आली. तिने बोटांवर विभूती घेतली आणि माझ्या काचेच्या वर, अगदी कपाळावर, तीन आडव्या रेघा ओढल्या. ओढताना कानडीत काहीतरी पुटपुटली. त्या घरात व्यवहार मराठीत चालतो, पण देवाशी आणि जिव्हाळ्याच्या माणसाशी बोलायचं असलं की कानडी येते. त्या दिवसापासून मी त्या घरची झाले.

राजशेखरची बायको दाक्षायणी कडक भाकरीचा उद्योग चालवते. घरामागच्या शेडमध्ये बायका ज्वारीच्या पातळ भाकरी थापतात, भाजून पापडासारख्या कुरकुरीत करतात आणि शेंगाचटणीच्या पुड्यांबरोबर क्रेटमध्ये भरतात. ते क्रेट रोज गावभरच्या दुकानांत पोचवायचे आणि आठवड्यातून एकदा अकलूजला न्यायचे, हे माझं काम. भाकरी हे ओझं हलकं, पण भारी नाजूक. एक खड्डा चुकवायचा राहिला की क्रेटभर चुरा. त्यामुळे मी हळुवार चालायला शिकले. संध्याकाळी दाक्षायणी क्रेट तपासायची आणि म्हणायची, "आज एक भाकरी मोडली न्हाय बघा." ती शाबासकी राजशेखरला असायची, पण मी ती निम्मी आपल्याकडे घ्यायचे.

मग एका पावसाळ्यात निंगव्वा न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. ती काठी घेऊन चालू लागली, पण पुन्हा खाली बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. घरात तिच्यासाठी खुर्चीसारखा उंच संडास बसवला. सगळं मार्गी लागलं असं सगळ्यांना वाटलं. फक्त निंगव्वाने बाहेर जायचं बंद केलं. लग्न नाही, बारसं नाही, सत्संग नाही. माहेरी मैंदर्गीलाही नाही.

मैंदर्गीला तिची थोरली बहीण ईरम्मा राहते. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी माणसं स्वयंपाकाच्या टोपल्या घेऊन शेतात जातात, कडब्याची खोप करून पूजा करतात आणि वाटेने जाणाऱ्यालाही बोलावून जेवायला घालतात. भाज्या आणि शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली गार आंबील, ताकात ज्वारीचं पीठ घालून केलेली. निंगव्वाची येळवस कधी चुकली नव्हती. आता मात्र ईरम्मा दरवर्षी फोन करायची, "ये की तंगी." तंगी म्हणजे धाकटी बहीण. आणि निंगव्वा दरवर्षी एकच उत्तर द्यायची, "पाय दुखत्यात गं अक्का. गाडीत बसवत न्हाय."

राजशेखरने ते खरं मानलं. गाडीतच घर करून देशभर फिरणाऱ्या लोकांचे व्हिडिओ तो तेव्हा मोबाइलवर बघत असायचा. जेवताना बघायचा, मला पुसताना बघायचा. एक दिवस तो म्हणाला, "अव्वाला बसवत न्हाय ना? मग गाडीच अशी करू, की पाहिजे तिथं थांबून आडवं होता येईल." हौस निम्मी त्याची होती, निम्मी आईसाठी. पण आईसाठीची निम्मी अगदी खरी होती, हे मी शपथेवर सांगते.

दाक्षायणीने एकच अट घातली. "रविवारी काय करायचं ते करा. सोमवारी सकाळी माजे क्रेट बसले पायजेत."

मग अक्कलकोट रोडवरच्या कोंडीबा मिस्त्रीच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये माझा नवा जन्म झाला. हौद्यावर टप चढला. भिंतीला टेकवून ठेवता येणारा पलंग आला. शेगडी आणि भांड्यांसाठी ओढायचे खण झाले. बाजूला ताडपत्रीचं छत आलं, आत पंखा आणि दिवे आले. नियमात बसावं आणि सोमवारी काढता यावं म्हणून सगळं नटबोल्टवर. मागच्या सीटवर निंगव्वाला पाय पसरता यावेत अशी फळी बसवली, चढायला पायरी आणि धरायला दांडा केला. हौद्यात केबिनला लागून पाण्याची मोठी टाकी ठेवली, आणि तिचं वजन पेलावं म्हणून माझ्या मागच्या पाट्यांत, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगांत, एक पान वाढवलं. पेठेत परत आले तेव्हा गल्ली लोटली. मी जरा शेफारले, खोटं कशाला बोलू.

पहिली सहल जवळच, हिप्परग्याच्या तलावावर झाली. छत पसरलं, खुर्ची मांडली, निंगव्वा पाण्याकडे बघत बसली. राजशेखर लग्नाच्या पंगतीत वाढप्याने फिरावं तसा फिरत होता.

"अव्वा, पाणी देऊ?"

"तान न्हाय."

"चहा?"

"सकाळीच घेतला की."

अर्धी भाकरी तिने चघळत खाल्ली. ऊन चढलं तसे तिचे ओठ पांढरे पडले. दुपारी परत निघताना तिने पायरीवर पाय ठेवला, दांड्याकडे हात नेला, आणि तिथेच तिचा तोल गेला. दाक्षायणी मागे होती म्हणून बरं. आम्ही तिला थेट दवाखान्यात नेलं. तिथे सलाइन लावली. डॉक्टर म्हणाले, "यांच्या अंगात पाणीच राहिलेलं नाही. उन्हात ठेवलं होतं का?"

संध्याकाळी राजशेखर माझ्या पायरीवर येऊन बसला. त्याचा चेहरा उतरला होता. "तिला गाडी सोसत न्हाय," तो दाक्षायणीला म्हणाला. "हे सगळं काढून टाकतो. ईरम्मामावशीला कळवतो, येळवसला येत न्हाय म्हणून. आता परत तिला बाहेर न्यायचं नाव काढायचं न्हाय." ईरम्माचं वय झालेलं. या वर्षी नाही म्हटलं, तर त्या दोघी बहिणींची पुन्हा भेट होईल की नाही कोण जाणे.

मित्रांनो, मला त्या वेळी जेवढं वाईट वाटलं तेवढं कधी वाटलं नाही. कारण खरं काय ते मला माहीत होतं. ओझं मोजणं हाच माझा धंदा. माझे मागचे पाटे जाताना जेवढे दबले होते, येतानाही जवळजवळ तेवढेच दबलेले होते. टाकी भरून नेली होती, आणि ती भरलेलीच परत आली होती. पण सांगणार कशी? मला तोंड नाही. हॉर्न आहे, आणि तोही दुसऱ्याने वाजवायचा.

सोमवारी सकाळी क्रेट भरायच्या आधी दाक्षायणीने टाकीचा नळ पिंपात सोडला. पिंप भरलं. तिने बादल्या लावल्या. त्याही भरल्या, तरी पाणी येतच होतं. ती ओंजळीत पाणी घेऊन तशीच उभी राहिली. मग तिने हाक मारली.

"अहो, काल तळ्यावर पाणी कोण प्यालं?"

"मी प्यालो की," राजशेखर बाहेर येत म्हणाला.

"तुमी प्याला. अव्वा न्हाय प्याल्या. आणि मी?" ती थांबली. "मी बी न्हाय प्याले. सकाळी घरातनं निघाले ती घरी येईपर्यंत घोटभर बी न्हाय. आणि मलाच कळलं न्हाय बघा, इतकी सवय झालीया."

"का पण?"

"तुमी झाडामागं जाऊन येता. आमी कुटं जायचं?"

दाक्षायणी तशीच ओल्या हातांनी आत गेली. मी खिडकीला लागूनच उभी असते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. तिने आडवळणाने विचारलं नाही. "अव्वा, पाय दुखत्यात म्हणून जात न्हाय का दुसरं काय हाय?"

निंगव्वाने पदर सावरला. मग हळूच म्हणाली, "पाय बरे हायेत गं माजे. पाणी प्यालं की जावं लागतंय. मला खाली बसता येत न्हाय. अक्काच्या घरी खुर्ची न्हाय, लग्नाच्या हॉलात न्हाय, वाटंत न्हाय. कुणाच्या खांद्याला धरून बसू? आणि लेकाला हे कसं सांगू? म्हणून पाय दुखत्यात म्हणायचं. पायाचं कुणालाबी सांगता येतंय."

राजशेखर दारात उभा राहून ऐकत होता. तो आत येऊन आईच्या पायाशी बसला. "आणि मी दिवे लावत बसलो," एवढंच म्हणाला.

त्याच दिवशी क्रेट पोचवून आम्ही कोंडीबाकडे गेलो. त्याला वाटलं, काढायला आणलंय. राजशेखरने अडखळत काय पाहिजे ते सांगितलं. कोंडीबा हसेल असं मला वाटलं होतं. त्याने हातातला पान्हा खाली ठेवला. मग म्हणाला, "माजी आई बी कुटं जात न्हाय. आमाला वाटायचं, तिचा सभावच तसा हाय." आणि कामाला लागला.

माझ्या मागच्या बाजूला त्याने एक मजबूत, घडीची खुर्ची बसवली. दोन्ही हातांना धरायला दांडे. खाली झाकणाची बादली, शेजारी लाकडाच्या भुशाचा डबा आणि हात धुवायला टाकीचा नळ. खुर्चीभोवती वाकवलेला गज. स्वतः कोंडीबाने त्या खुर्चीवर सगळं वजन टाकून, हलून डुलून पाहिलं, मगच रंग दिला. पडद्यासाठी दाक्षायणीने घरातली नवीकोरी, जाडजूड सोलापुरी चादर काढली. राजशेखर म्हणाला, "जुनी चालंल की." ती म्हणाली, "न्हाय चालणार." तो विषय तिथेच संपला.

येळवसच्या सकाळी आम्ही निघालो. निंगव्वाने घरी पाणी घेतलं नाही. दाक्षायणीने भरून दिलेली बाटली मांडीवर तशीच होती, झाकणसुद्धा न उघडलेली. मला धाकधूक लागली. वळसंगच्या पुढे एका मोकळ्या रानात राजशेखरने मला उभं केलं आणि "जरा पुढचं शेत बघून येतो" म्हणून तो लांब निघून गेला. त्या शेतात बघण्यासारखं काहीही नव्हतं. दाक्षायणीने खुर्ची उघडली, चादर ओढली आणि आधी आपणच आत जाऊन आली. बाहेर आल्यावर ती निंगव्वासमोर उभं राहून घटाघटा तांब्याभर पाणी प्यायली.

निंगव्वाने काठी उचलली. ती चादरीच्या आत गेली. खुर्चीवर तिचं वजन आलं आणि मी इतकी स्थिर उभी राहिले, की भाकरीच्या क्रेटसाठीसुद्धा कधी तशी राहिले नसेन. बाहेर आली, हात धुतले, पदराला पुसले आणि सीटवर बसून तिने बाटलीचं झाकण उघडलं. अर्धी बाटली एका दमात संपवली. मग मोठ्ठा श्वास सोडला. तो ऐकून मलाही सुटल्यासारखं वाटलं.

मैंदर्गीच्या शेतात ज्वारी माणसाच्या उंचीला आली होती. खोपीपाशी ईरम्मा वाट बघत बसली होती. दोघींनी एकमेकींचे चेहरे हातांनी चाचपले. मग ईरम्माने मडक्यातून आंबील ओतली आणि ती नको म्हणेल या भीतीने म्हणाली, "कुडी तंगी, थोडी तरी कुडी." कुडी म्हणजे पी.

निंगव्वाने पेला रिकामा केला आणि पुढे धरला. "भर की अक्का. भरून दे."

जेवणं व्हायच्या आधी ती उठली, तेव्हा ईरम्माने विचारलं, "कुटं निगालीस?" निंगव्वाने कानात सांगितलं. ईरम्मा गुडघ्यांवर हात टेकून उठली. "माजे बी गुडगे गेलेत की गं. मला बी दाखव." मग एकीने बाहेर चादर धरायची आणि दुसरीने आत जायचं, असं ठरलं. त्यानंतर दोघी तिथेच उभ्या राहून कानडीत इतका वेळ हसत बोलत राहिल्या, की भज्जी गार झाली. राजशेखर खोपीत बसून एकटाच हसत होता. डोळेही पुसत होता.

त्या रात्री मुक्काम शेतातच पडला. दोघी बहिणी माझ्यातल्या पलंगावर झोपल्या, आणि दुसऱ्या दिवशी मी घराकडे निघाले तेव्हा माझे पाटे हलके होते. टाकीत थेंब उरला नव्हता.

मित्रांनो, गाडी सजवायची तर जरूर सजवा. आम्हा गाड्यांनाही ते आवडतं. आम्हाला वेळेवर तेलपाणी द्या, चिखल लागला तर धुवा. पण तुमच्या घरातलं कुणी सहलीला "तुम्हीच जा, माझे पाय दुखतात" असं म्हणालं, तर लगेच मान डोलवू नका. त्यांच्या जवळ बसा आणि विचारा. ते नाही बोलले तर त्यांची पाण्याची बाटली बघा. भरलेली परत आली असेल, तर काहीतरी करायचं राहिलं आहे असं समजा.

आमच्याकडे आता समुद्र बघायला जायचं ठरतंय. सोमवार ते शनिवार मी भाकरी वाहते. पण रविवारी निघायच्या आधी निंगव्वा काठी टेकत माझ्याजवळ येते, टाकीवर बोटाने टकटक करते आणि विचारते, "राजू, भरली का रे?"